नवी औषधं, नव्या तपासण्या आणि आपण बेळगावकर: काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहापुरात आमचं मेडिकल आहे. तेवीस वर्षं त्याच काउंटरमागे उभा आहे. औषध देताना होतं त्यापेक्षा जास्त बोलणं औषध पिशवीत घातल्यावर होतं. मोबाइल पुढे करून माणूस विचारतो, "हे खरं काय हो?" असे प्रश्न मी जुन्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर टिपून ठेवत आलो. खानापूर, नंदगड, निपाणी, चिकोडी, शनिवारच्या बाजाराला चंदगडहून आलेली माणसं, सगळ्यांचेच त्यात आहेत. पुन्हा पुन्हा येणारे तेवढे इथे उतरवले. मी डॉक्टर नव्हे, फार्मासिस्ट आहे. इथे वाचून कुणी गोळी सुरू करू नये की बंद करू नये. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं ते सुचावं, एवढ्यासाठी हे लिहिलंय.

"संशोधन म्हणजे अमेरिका, लंडन. आपल्या बेळगावात कोण करतंय?"

हा प्रश्न ऐकला की मला थोडा रागच येतो. आपल्याच जिल्ह्यातल्या नर्सबाईंनी केलेलं काम आपल्यालाच माहीत नसतं.

बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही आणि बाई हातची जाते, हे दुखणं जुनं. त्यावरचं नेहमीचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं आणि ते टोचायला शिकलेला माणूस लागतो. खेड्यात घरी बाळंत होणाऱ्या बाईजवळ दोन्ही नसायचं. म्हणून २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत एक ट्रायल झाली. आपल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या मंडळींनी अमेरिकेतल्या विद्यापीठांबरोबर ती केली. १,६२० बायका त्यात होत्या, घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या. बाळ बाहेर आलं की नर्सबाईनं तोंडावाटे मिसोप्रोस्टॉल द्यायचं, ६०० मायक्रोग्रॅम. निम्म्या बायकांना तशाच दिसणाऱ्या, पण आत औषध नसलेल्या गोळ्या. कुणाला काय मिळालं ते नर्सबाईलाही ठाऊक नाही.

निकाल २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. औषधाविना १२ टक्के बायकांना अतिरक्तस्राव झाला होता, औषध घेतलेल्यांत ६.४ टक्के. जीवावर बेतणारा रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ वर आला. दर १८ बायकांना गोळ्या दिल्या की एकीचा रक्तस्राव टळत होता. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अत्यावश्यक औषधांच्या यादीत मिसोप्रोस्टॉल या कामासाठी घातलं. यादीपर्यंत ते नेणाऱ्या पुराव्यात आपल्याकडच्या या बायकांचा वाटा आहे.

पण मला स्वतःला त्या गोळीपेक्षा त्या ट्रायलमधलं एक प्लॅस्टिक जास्त आवडतं. किती रक्त गेलं हे आधी कसं ठरवायचे? डोळ्यांनी. किती फडकी भिजली, जमिनीवर किती सांडलं, सुईण म्हणाली "लई गेलं" की "गेलं थोडं". ट्रायलला असा अंदाज चालणार नव्हता. म्हणून एक प्लॅस्टिकचं कापड तयार केलं. ते बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायचं. खालच्या टोकाला ते निमुळतं होत जाऊन त्याची पिशवी होते, आणि पिशवीवर दुधाच्या मापासारख्या रेघा. रक्त खाली उतरतं, रेघ वाचायची, झालं. याच जिल्ह्यात डोळ्याचा अंदाज आणि पिशवीचं माप शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, तर डोळा साधारण एक तृतीयांश कमी सांगत होता. म्हणजे अर्धा लिटर रक्त गेलेलं असताना शेजारी उभ्या माणसाला ते लिटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच वाटतं, आणि धावपळ सुरू होत नाही.

पुढे २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियात दोन लाखांवर बाळंतपणांचा मोठा अभ्यास आला. मापाची पिशवी लावायची आणि ठरावीक रेघ ओलांडली की मालिश, औषध, सलाईन, तपासणी हे सगळं एकदम सुरू करायचं, एकेक करून वाट बघत बसायचं नाही. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडायची पाळी येणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. तिथेही पहिली पायरी रेघांची पिशवीच होती.

"मग ती गोळी तुमच्याकडे मागितली तर द्याल काय?"

चिठ्ठीशिवाय नाही. चिठ्ठी आणली तरी दोन प्रश्न विचारीन. ही गोळी गर्भाशय आवळते. बाळ बाहेर आल्यावर जे तारक, तेच बाळ आत असताना चुकीच्या वेळी गेलं तर गर्भाशय फाटू शकतं. बाळंतपणानंतर घेतल्यावर थंडी वाजते, ताप चढतो, तेव्हा घरची माणसं घाबरतात. हे बहुतेकदा गोळीमुळेच असतं आणि उतरतं, पण सांगून ठेवलेलं बरं.

"फ्रिजमधलं इंजेक्शन आणि बाहेरचं इंजेक्शन, फरक काय?"

बाळंतपणात रक्त थांबवायचं नेहमीचं इंजेक्शन म्हणजे ऑक्सिटोसिन. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. माझ्या फ्रिजमध्ये थर्मामीटर आहे आणि दारावर वही बांधलेली आहे. सकाळ-संध्याकाळ आकडा लिहितो. लाईट गेली की पहिलं काम म्हणजे फ्रिजचं दार न उघडणं. हे शहरात जमतं. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात एकदा लाईट गेली की ती कधी येईल ते वायरमनलाही सांगता येत नाही. तिथल्या फ्रिजमधलं इंजेक्शन दिसायला पाण्यासारखंच असतं. उतरलेलं औषध रंग बदलत नाही, वास मारत नाही. फक्त काम करत नाही.

म्हणून त्याच कामाच्या कार्बेटोसिन या इंजेक्शनचा एक प्रकार निघाला, खोलीच्या तापमानाला टिकणारा. ३० अंशांतही तो तीन वर्षं चालतो. २०१८ मध्ये भारतासह दहा देशांतल्या २९,००० हून जास्त बायकांवर त्याची ऑक्सिटोसिनशी तुलना झाली. जास्त रक्त गेलेल्या किंवा आणखी औषध लागलेल्या बायका दोन्ही गटांत साधारण साडेचौदा टक्के. कुणी म्हणेल, मग नव्यानं काय साधलं? घाटावरच्या उपकेंद्रासाठी "थंडाव्याशिवाय तेवढंच चांगलं" हीच मोठी गोष्ट आहे.

"सून पहिलटकरीण आहे. डॉक्टरांनी ॲस्पिरिन लिहिलंय. ही हार्टची गोळी नव्हे काय?"

गोळी तीच, डोस लहान, काम वेगळं. २०२० साली सहा देशांतल्या ११,९७६ पहिलटकरणींचा अभ्यास छापून आला. भारतातल्या बायका बेळगाव आणि नागपूर भागातल्या होत्या. चौदा आठवडे भरण्याआधी रोज ८१ मिलिग्रॅम सुरू करायचं आणि सदतिसाव्या आठवड्याच्या आसपास थांबवायचं. दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आलं. हजार बायका धरल्या तर १३१ च्या जागी ११६. आकडा लहान वाटतो खरा. पण एका दिवसाची गोळी कटिंग चहापेक्षा स्वस्त आहे, आणि त्या पंधरा बाळांच्या आयांना विचारा.

८१ ही अमेरिकेतली पट्टी. आपल्याकडे ७५ आणि १५० मिळतात, कुठली घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. एक सांगतो, सासऱ्यांच्या पाकिटातली उरलेली गोळी सुनेला देऊ नका. दमा, पोटातला अल्सर, रक्त न गोठण्याचा त्रास, हे आधी विचारावं लागतं. आणि पाचवा महिना सरल्यावर आठवण झाली तर उशीर झालेला असतो. ही गोळी वेळेवरच कामाची.

"औषध चांगलं म्हणून सिद्ध झालं, की सरळ सगळ्यांना द्यावं. ट्रायलची भानगड कशाला?"

हा प्रश्न एका निवृत्त मास्तरांनी विचारला होता. उत्तर ऐकून ते खुर्ची ओढून बसले.

अपुऱ्या दिवसांचं बाळ येणार असं दिसलं, तर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. त्यानं बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. मोठ्या दवाखान्यांत ही गोष्ट वर्षानुवर्षं सिद्ध झालेली. मग कुणालाही वाटेल की हे खेड्यापाड्यांत न्यावं, प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावं, बाळं वाचतील. तसं करून पाहिलं. सहा देश, सुमारे एक लाख बाळंतपणं, भारतातून पुन्हा बेळगाव आणि नागपूर. निकाल २०१५ मध्ये आला तेव्हा सगळेच गप्प झाले. ज्या भागात इंजेक्शन पोचवलं तिथे पहिल्या २८ दिवसांतले बाळमृत्यू वाढले होते. हजारी २३.९ च्या जागी २७.४. आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही जास्त दिसली.

असं का? एक कारण बहुधा माप. किती महिने भरलेत हे नीट मोजलेलं नसेल, तर पूर्ण दिवसांच्या बाळाच्या आईलाही इंजेक्शन जातं. पाळीची तारीख आठवत नाही, सोनोग्राफी झालेली नाही, पोटावर हात ठेवून अंदाज. दुसरं म्हणजे लवकर जन्मलेल्या बाळाला पुढे ऊब, श्वासाला आधार, दूध पाजण्याची सोय लागते. ती नसेल तर नुसतं इंजेक्शन काय करणार?

मग २०२० मध्ये भारतासह पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत पुन्हा पाहिलं. या वेळी सोनोग्राफीनं दिवस मोजलेले, आणि बाळाची काळजी घेण्याची सोय असलेली. तिथे तेच औषध बाळं वाचवताना दिसलं, मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर. औषध एकच होतं. मास्तर म्हणाले, "बियाणं चांगलं, पण रान बघून पेरावं लागतंय." मी हे वाक्य बिलबुकात त्यांच्या नावासकट लिहून ठेवलंय.

"कळा चालू असताना अँटिबायोटिकचा एक डोस देतात म्हणे?"

२०२३ चा अभ्यास. ॲझिथ्रोमायसिन, २ ग्रॅम, एकदाच. २९,००० वर बायका, त्यात बेळगावच्याही. आईचा जंतुदोष किंवा मृत्यू २.४ टक्क्यांवरून १.६ वर आला. बाळांना मात्र फायदा दिसला नाही. हे दवाखान्यात, डॉक्टरांच्या हातून. घरी सर्दीला हीच गोळी तीन दिवस खाणाऱ्यांशी याचा काही संबंध नाही, आणि त्यांच्यामुळेच ती उद्या बाळंतिणीला लागू पडायची नाही.

"रक्त कमी आहे म्हणतात. लोहाच्या गोळ्या खाऊन कंटाळा आला. सलाईनमधून देतात ते बरं काय?"

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय निघाला होता. म्हणजे दोघींत एक. गोळ्यांचा कंटाळा मला कळतो. तोंडाला लोखंडाची चव, शौचाला काळं, पोट गच्च. म्हणून एकाच वेळी शिरेतून लोह द्यायचं आणि गोळ्यांशी तुलना करायची असा अभ्यास कर्नाटक आणि राजस्थानातल्या ४,३२० गर्भवतींवर झाला. बेळगावची मंडळी त्यातही होती. शिरेतून दिलेलं लोह रक्त लवकर वाढवतं. पण पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत, आणि क्वचित रिॲक्शन येते म्हणून दवाखान्यात बसवूनच देतात.

गोळ्याच चालू असतील तर माझं एकच मागणं असतं. चहाबरोबर घेऊ नका. आपल्याकडे सकाळी चहा, दहाला चहा, पाहुणा आला की चहा. चहानं लोह अंगाला लागत नाही. दोन तास मागेपुढे ठेवा, लिंबू पिळलेलं पाणी चालेल.

आणि मापाचं पुन्हा. शिबिरात बोट टोचून हिमोग्लोबिन काढतात. थेंब येत नाही म्हणून बोट जोरात पिळलं, तर रक्तात अंगातलं पाणी मिसळतं आणि आकडा चुकतो. शिबिरात ९ आणि लॅबमध्ये १०.५ निघालं म्हणून लॅबवाल्याशी भांडायला जाऊ नका.

"दुकानातल्या मशीनवर शुगर ३८० आली! ॲडमिट व्हावं लागंल काय?"

हा प्रसंग खराच घडला. एक तात्या गुऱ्हाळातून थेट माझ्याकडे आले होते. घाबरून घाम फुटलेला. मी म्हटलं, आधी हात धुवा, साबणानं, नखांतसुद्धा. पुसून कोरडे करा. पुन्हा टोचलं तर १४८. बाकीची सगळी साखर बोटावरच्या गुळाची. सॅनिटायझरचा फवारा पुरत नाही, गूळ पाण्यानंच जातो. हीच गोष्ट चिक्कू-आंबा सोलून आलेल्यांची.

तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी तपासणीलाही एक खोट आहे. लोह कमी असेल तर ती साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकते. रक्त लवकर मोडण्याचा आजार असेल तर कमी. म्हणून रक्तक्षय असलेल्या बाईला नुसत्या या एका आकड्यावर "तुम्हाला शुगर झाली" असं सांगितलं असेल, तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची तपासणी करून घेऊ का, एवढं जरूर विचारा. २०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत भारतात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी काठावरचे निघाले. काठावरच्यांचं ठरवताना आकडा बरोबर असणं फार महत्त्वाचं.

"बारीक व्हायचं इंजेक्शन आलंय. आणून द्याल काय?"

टिर्झेपटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. परदेशी अभ्यासांत सव्वा ते दीड वर्षात सेमाग्लुटाइडनं साधारण १५ टक्के, टिर्झेपटाइडच्या मोठ्या डोसनं २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. काम करतं, यात वाद नाही. पण सोडल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं, हे कुणी फॉरवर्ड करत नाही. मळमळ, उलटी, कधी स्वादुपिंडाचा त्रास. आणि खर्च दर महिन्याचा. लग्नाच्या हॉलसाठी दोन महिने घ्यायचं औषध हे नव्हे. चिठ्ठी लागते.

"बीपी दवाखान्यात १६०, घरी १३०. खोटं कोण बोलतंय?"

कुणीच नाही. जिना चढून आलात, लघवी लागलेली, डॉक्टरांसमोर बसल्याचं दडपण, हात लोंबकळत, शर्टाची बाही गुंडाळून दंडाला आवळलेली. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड उघडा, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मापताना बोलायचं नाही. हे आमच्या वहिनींना जमत नाही, त्या मशीनशीही बोलतात. दोनदा घ्या, आकडे तारखेसकट लिहा, वही डॉक्टरांना दाखवा.

गोळ्यांबद्दल एक चांगला देशी अभ्यास २०२५ मध्ये आला. भारतातल्या ३२ केंद्रांत जवळपास दोन हजार रुग्णांना तीन प्रकारच्या जोडगोळ्यांपैकी एक देऊन पाहिली. तिन्ही सारख्याच चालल्या, आणि सहा महिन्यांत सुमारे ७० टक्के लोकांचं बीपी १४०/९० च्या खाली आलं. "शेजाऱ्याची गोळी भारी, माझी हलकी" हा वाद तिथे संपायला हरकत नाही.

"टीबीची दवा आता सहा महिन्यांत होते म्हणे. आधी दोन वर्षं कशाला खायला लावली?"

आमच्या आजीच्या पिढीत टीबी म्हटलं की मिरजेजवळचं वानलेसवाडीचं सॅनेटोरियम. हवा, दूध, अंडी आणि देवाचं नाव. साध्या टीबीचा कोर्स कधीचाच सहा महिन्यांचा झाला. वीस महिन्यांपर्यंत लांबायचा तो नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा. त्यासाठी बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही चार औषधांची सहा महिन्यांची पद्धत केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. तोंडानं घ्यायची, रोजची सुई नाही. लिनेझोलिडनं पायांना मुंग्या येतात, नजर कमी होते, रक्त उतरतं. तसं काही वाटलं तर गोळी गुपचूप सोडू नका, त्याच दिवशी सांगा.

पण टीबीतलं मला पटलेलं संशोधन औषधाचं नाहीच, शिध्याचं आहे. मंगळूरचे अनुराग आणि माधवी भार्गव या डॉक्टर दांपत्यानं ते झारखंडात केलं, २०२३ मध्ये छापून आलं. २,८०० रुग्णांना दर महिन्याला तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल दिलं. त्यांच्या घरच्या माणसांचे दोन गट केले. एका गटातल्या घरांत सगळ्यांनाच शिधा, दुसऱ्यात फक्त रुग्णाला. घरच्यांनाही शिधा मिळाला तिथे नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. फुप्फुसाच्या, पसरणाऱ्या टीबीचं ४८ टक्क्यांनी. आणि ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं, त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी उतरलेला दिसला.

४२ किलोच्या माणसाचे पाच टक्के म्हणजे दोन किलो शंभर ग्रॅम. निपाणीकडच्या विड्या वळणाऱ्या बायका मी बघितल्यात, सुपात तंबाखू घेऊन दिवसभर वाकून बसलेल्या, ताटात भात आणि आमटीचं पाणी. टीबीचा रुग्ण दुकानात आला की मी आता आधी वजनकाट्यावर उभा करतो आणि आकडा त्याच्या कार्डाच्या मागे लिहितो. फुकट. सरकारकडून आहारासाठी मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० झालेत. बँक खातं जोडलेलं आहे का, ते आशाताईंना विचारा.

"उसात पान लागलं तर आधी कुठं न्यायचं?"

पान लागलं म्हणजे साप चावला. ज्याच्याकडे सापाची लस, म्हणजे विष उतरवणारं इंजेक्शन, आहे त्या सर्वांत जवळच्या दवाखान्यात. मंत्रवाल्याकडे "फक्त दहा मिनिटं" नाही. दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. पाय हलवू न देता गाडीत घाला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात १२ लाख माणसं सर्पदंशानं गेली असा अंदाज आहे, वर्षाला ५८,०००. कर्नाटकानं फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद दवाखान्यांना सक्तीची केली. आता निदान मोजदाद तरी होईल.

दवाखान्यात गेल्यावर लगेच लस का टोचली नाही म्हणून नातेवाईक आरडाओरडा करतात. त्या वेळी आत काय चाललेलं असतं ते सांगतो. दोन मिली ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतात आणि वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवतात. मग नळी एकदाच तिरकी करतात. रक्त दह्यासारखं धरलं असेल तर रक्त बिघडवणारं विष तोवर तरी चढलेलं नाही. पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष चढलंय. नळी प्लॅस्टिकची चालत नाही, साबणानं धुतलेलीही चालत नाही, निकाल चुकतो. लाखोंची मशीन नको, एक नळी आणि घड्याळ. मण्यार किंवा नाग असेल तर मात्र रक्त नीट गोठतं. तिथे पापण्या बघायच्या. पापणी जड झाली, गिळता येईना, आवाज बसला, की विष नसांत गेलंय. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते आणि घरचे ओवा देत बसतात.

लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरची. घाटातल्या चापडा नावाच्या सापासाठी ती बनलेली नाही. एकाच जातीच्या सापाचं विष प्रांताप्रांतांत बदलतं, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी दाखवलंय, आणि म्हणून लस सुधारायची खटपट चालू आहे. लहान मुलाला डोस मोठ्या माणसाएवढाच लागतो. सापानं विष सोडताना मुलाचं वजन बघितलेलं नसतं.

"खानापूरच्या जंगलातल्या मुळीनं कॅन्सर बरा होतो काय?"

मुळी उकळून पिऊन नाही. पण प्रश्न अगदीच पोकळ नाही. पश्चिम घाटातल्या नरक्या नावाच्या झाडात कॅम्पटोथेसिन असतं, आणि त्यापासून केलेली इरिनोटेकान, टोपोटेकान ही औषधं कॅन्सरच्या दवाखान्यांत रोज वापरली जातात. शुद्ध करून, तोलून, शिरेतून. मूळ द्रव्य विषारी आहे. बाहेरच्या व्यापाऱ्यांनी नरक्या इतका तोडला की झाडच दुर्मिळ झालं. आपल्या नेहरूनगरात आयसीएमआरची पारंपरिक चिकित्सेची राष्ट्रीय संस्था आहे. वैद्यांना ठाऊक असलेल्या वनस्पती प्रयोगशाळेत तपासायचं काम तिथे चालतं. ज्याला मुळीचा अभिमान आहे त्यानं अशा तपासणीचं वावडं धरू नये.

"दवाखान्यात ट्रायलमध्ये नाव घालतो म्हणाले. कागद कानडीत होता. सही केली तर?"

आधी सही करू नका. २०१९ च्या नियमांप्रमाणे माहितीचा कागद तुम्हाला कळेल त्या भाषेत मिळाला पाहिजे. मराठीत मागा, मागण्यात कसलाही आगाऊपणा नाही. वाचता येत नसेल तर त्या ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार समोर बसून सगळं वाचून दाखवलं गेलं पाहिजे. कागद घरी नेता येतो, चार जणांना विचारता येतं. नाही म्हटलं किंवा मधेच बाहेर पडलात तरी तुमचा नेहमीचा इलाज थांबवता येत नाही. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही. प्रत्येक ट्रायलला नैतिकता समितीची मंजुरी लागते. त्या समितीत किमान सात जण असतात, त्यांत एक सामान्य माणूस हवाच. आणि २००९ पासून ट्रायलची नोंद सरकारी नोंदवहीत सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक मागा, मोबाइलवर उघडून बघता येतो.

दोन प्रश्न तोंडपाठ करून जा. "मला औषध मिळणार की नुसती दिसायला तशी गोळी मिळू शकते?" आणि "रात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा?" दुसऱ्याचं उत्तर मोबाइल नंबर असायला हवं, "ऑफिस टायमात या" नव्हे. एकदा एका मोठ्या दवाखान्यातून आलेल्या आक्कांकडे असा कागद होता. सहा पानं, नंबराची जागा कोरी. मी म्हटलं, ही जागा भरून आणा मग बघू. त्या गेल्या, भरून घेऊन आल्या, आणि मग त्यांनी सही केली. 

"इकडे इलाज, पुढे मिरज नाहीतर कोल्हापूर. फाईल चालते काय तिकडं?"

तपासणीचे आकडे दोन्हीकडे सारखेच. अडतं ते हातानं लिहिलेल्या कानडी सूचनांवर आणि औषधांच्या कंपनी-नावांवर. इकडची कंपनी तिकडच्या दुकानात नसते. म्हणून औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहून घ्या. मी प्रत्येकाला बिलामागे लिहून देतो, तुमचा दुकानदारही देईल. एक्स-रेची फिल्म, शेवटचे दोन रिपोर्ट, बीपीची वही, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ते मोठ्या अक्षरात, सगळं एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवी कपाटात साड्यांखाली ठेवू नका. रात्री अडीच वाजता ती सापडत नाही, आणि जिला ठाऊक असतं ती बाई तर गाडीत आडवी असते. दारामागच्या खुंटीला, छत्रीशेजारी लटकवा.